'जाण्यापूर्वीं' आणि 'बिफोर गोइंग'

इंग्रजी व्याकरणांतील कांहीं नियम सांगावयास अर्धें मिनिट पुरतें. अंगीं बाणावयास मात्र वर्षें लागतात. त्यांपैकीं एक नियम असा : शब्दयोगी अव्ययाच्या पुढें क्रियापद यावयाचें असेल, तर तें 'इंग' हा प्रत्यय घेऊनच आलें पाहिजे. 'बिफोर गो' नव्हे, 'बिफोर टु गो' नव्हे, तर 'बिफोर गोइंग'. 'इन्स्टेड ऑफ रीड' नव्हे, 'इन्स्टेड ऑफ रीडिंग'. 'टायर्ड ऑफ वेट' नव्हे, 'टायर्ड ऑफ वेटिंग'. क्रियापदाच्या या रूपास इंग्रजी व्याकरणकार 'जेरंड' म्हणतात.

साताऱ्याच्या काय किंवा सांगलीच्या काय, कोणत्याहि हायस्कुलांत हा नियम फळ्यावर लिहिला जातो. परीक्षेंत रिकाम्या जागा भरतांना तो बहुतेक मुलांना आठवतोहि. परंतु तोच विद्यार्थी चार वर्षांनीं नोकरीसाठीं अर्ज लिहावयास बसला, म्हणजे अर्जाच्या शेवटीं 'आय अॅम लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू' असें लिहून सही करतो. चूक एवढीशी, पण ती अर्जाच्या शेवटच्या ओळींत असते, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें तीच राहते. अर्जदाराचें गणित चांगलें असेल, हिशेब चोख असेल, हातांत कसब असेल. तें सारें बाजूस राहतें आणि 'याचें इंग्रजी कच्चें' एवढा शेरा पडतो. हा न्याय बरोबर नाहीं. पण तो रोज होतो, आणि म्हणून या लहानशा नियमाचा विचार करणें व्यर्थ नव्हे.

या चुकीचें कारण शोधूं लागल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. जो नियम इंग्रजी लिहितांना मराठी विद्यार्थ्याच्या हातून मोडतो, तोच नियम मराठी बोलतांना तो शाळेंत पाऊल टाकण्यापूर्वींपासून बिनचूक पाळीत असतो.

'जा' हा धातु घ्यावा आणि त्यास 'साठीं' हें शब्दयोगी अव्यय जोडून पाहावें. 'जासाठीं' असें कोणी म्हणत नाहीं. 'जातोसाठीं' असेंहि कोणी म्हणत नाहीं. चार वर्षांचें मूलसुद्धां 'जाण्यासाठीं' असेंच म्हणतें. म्हणजे तें काय करतें? प्रथम 'जा' या धातूचें 'जाणें' असें नाम बनवितें. मग जसें 'तळें' या नामाचें सामान्यरूप 'तळ्या' होऊन 'तळ्यापर्यंत' असा शब्द तयार होतो, तसेंच 'जाणें' याचें सामान्यरूप 'जाण्या' करून त्यास 'साठीं' जोडतें. 'जाण्यापूर्वीं', 'जाण्याऐवजीं', 'जाण्यामुळें', 'जाण्याविषयीं' हीं सारीं रूपें याच वाटेनें आलेलीं आहेत. शब्दयोगी अव्यय हें नामाला जोडावयाचें असतें. क्रियापदाला त्याच्या दारांत उभें राहावयाचें असेल, तर नामाचा पोशाख चढवून यावें लागतें. मराठींत हा पोशाख 'णें' आहे, इंग्रजींत तो 'इंग' आहे. अव्यय मराठींत शब्दाच्या मागून येतें आणि इंग्रजींत पुढें येतें, एवढाच काय तो फरक. 'जाण्यापूर्वीं' हा शब्द उलटा वाचला, कीं 'बिफोर गोइंग' तयार.

क्रियापदाचें नाम होतें ही कल्पना मराठी माणसास नवी नाहीं. सांगलीच्या हळदीच्या पेठेंत व्यापाऱ्याच्या वहींत 'येणें' आणि 'देणें' अशीं दोन खातीं असतात. तेथें 'येणें' ही क्रिया राहिलेली नसते. ती मोजतां येणारी रक्कम झालेली असते. 'त्याचें देणें फिटलें' म्हणतांना 'देणें' या शब्दास षष्ठी लागते, लिंग येतें, वचन येतें. इंग्रजींत 'अर्निंग्ज' आणि 'सेव्हिंग्ज' हे शब्द याच जातीचे. इतकेंच काय, इंग्रजीचा गंध नसलेला माणूसहि आज 'मीटिंगनंतर', 'ट्रेनिंगसाठीं', 'पार्किंगमध्यें', 'बिल्डिंगच्या मागें' असें सहज बोलतो. 'मीटनंतर' किंवा 'ट्रेनसाठीं' असें त्या अर्थानें कोणीहि बोलत नाहीं. म्हणजे इंग्रजी धातूलाहि मराठी अव्यय जोडतांना जिव्हेनें 'इंग'वाला शब्दच निवडला. व्याकरणाच्या पुस्तकानें सांगण्यापूर्वींच हा निवाडा बाजारांत होऊन गेला आहे.

या रूपाचा दुसरा एक गुण दोन्ही भाषांत समान आहे. बाहेरून तें नाम असलें, तरी आंतून क्रियापदच राहतें. 'पुस्तकें वाचण्याचा नाद' या शब्दांत 'वाचणें' हें नाम झालें खरें. पण 'पुस्तकें' हें त्याचें कर्म अजून त्याच्याजवळच आहे. इंग्रजींतहि 'फॉन्ड ऑफ रीडिंग बुक्स' असेंच म्हणतात. 'लवकर उठण्याची संवय' यांत 'लवकर' हें क्रियाविशेषण जसेंच्या तसें टिकलें. 'द हॅबिट ऑफ गेटिंग अप अर्ली' यांत 'अर्ली' तसेंच टिकतें. मराठींत या क्रियेचा कर्ता सांगावयाचा असेल, तर त्यास षष्ठी लागते : 'त्याच्या येण्यामुळें'. जुन्या वळणाच्या इंग्रजींतहि 'बिकॉज ऑफ हिज कमिंग' असेंच लिहितात. 'हिज' म्हणजे 'त्याचें', आणि 'कमिंग' म्हणजे 'येणें'. सात समुद्रांपलीकडची भाषा आणि कृष्णाकांठची भाषा यांनीं एकाच अडचणीवर इतका सारखा उपाय काढावा, ही गोष्ट शिकणाऱ्याच्या नजरेस एकदां तरी आणून दिली पाहिजे.

मराठी व्याकरणकारांना हें रूप कधींच अपरिचित नव्हतें. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण 1836 सालीं प्रसिद्ध झालें. मोरो केशव दामले यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 सालीं आलें. धातूला प्रत्यय लागून जें नाम तयार होतें, त्यास 'धातुसाधित नाम' असें सरळ नांव मराठी व्याकरणांत रूढ आहे. गोंधळ झाला तो इंग्रजी नांवामुळें. व्हिटनी यांनीं 1879 सालच्या आपल्या संस्कृत व्याकरणांत 'गत्वा' या रूपासहि 'जेरंड' असेंच म्हटलें. 'गत्वा' म्हणजे मराठींतील 'जाऊन'. तें नाम नव्हे. म्हणून संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यास एका तासाला 'जाऊन' म्हणजे जेरंड, तर दुसऱ्या तासाला 'जाणें' म्हणजे जेरंड, असें ऐकूं येण्याचा संभव असे. परक्या नांवाच्या जागीं 'धातुसाधित नाम' हेंच नांव वापरल्यास हा घोटाळा मुळींच उरत नाहीं.

येथवर ऐकून कोणी विचारील, कीं नियम जर मराठी माणसाच्या तोंडांत आहेच, तर चूक होते कां? त्याचें उत्तर असें, कीं मराठी ही बहुतेक वाट सोबत करते, पण तीन ठिकाणीं ती दुसऱ्या रस्त्यास लागते. आणि विद्यार्थी नेमका तेथेंच चुकतो.

पहिलें ठिकाण 'नंतर' हें. 'जेवण्यापूर्वीं हात धुवावे' असें मराठींत म्हणतात, पण 'जेवण्यानंतर' असें सहसा म्हणत नाहींत. 'जेवल्यानंतर' असें म्हणतात. जी क्रिया अजून व्हावयाची आहे तिला 'ण्या', आणि जी होऊन गेली तिला 'ल्या', असा सूक्ष्म भेद मराठी करते. विद्यार्थी हा भेद इंग्रजींत नेऊं पाहतो आणि 'आफ्टर एट' किंवा 'आफ्टर ईटन' असें लिहितो. त्याची बुद्धि मंद नसते; उलट ती मराठीशीं फारच प्रामाणिक असते. इंग्रजीला येथें भेद करण्याची गरज वाटत नाहीं. आधीं काय आणि मागून काय, हें 'बिफोर' आणि 'आफ्टर' हे शब्दच सांगतात. क्रियापद दोन्हीकडे 'ईटिंग' असेंच राहतें. 'उशिरां आल्याबद्दल दंड झाला' याचें 'फाइन्ड फॉर कमिंग लेट' होतें, आणि 'मदत केल्याबद्दल आभार' याचें 'थँक यू फॉर हेल्पिंग' होतें, तें याच न्यायानें. मराठी 'ल्या' दिसला, तरी इंग्रजी 'इंग' सोडूं नये, एवढें सूत्र येथें पुरेसें आहे.

दुसरें ठिकाण 'विदाउट' आणि 'बाय' यांचें. 'तो न बोलतां निघून गेला' या वाक्यांत मराठीनें नामाची वाट सोडली, शब्दयोगी अव्ययहि सोडलें, आणि 'न' व 'तां' यांवर काम भागविलें. 'बोलण्याशिवाय' असा शब्द करतां येतो. पण या अर्थानें तो कानाला बरा लागत नाहीं. इंग्रजींत मात्र 'विदाउट स्पीकिंग' असें अव्ययासह नामच पाहिजे. विद्यार्थी मराठींतला 'न' विसरूं शकत नाहीं, म्हणून कधीं 'विदाउट स्पीक' लिहितो, तर कधीं 'विदाउट नॉट स्पीकिंग' असा दुहेरी नकार करून बसतो. 'विदाउट' या शब्दांतच 'न' आहे, हें त्यास दाखवून द्यावें लागतें. तसेंच 'वाचून ज्ञान वाढतें' यांतील 'वाचून' याचें इंग्रजी 'बाय रीडिंग' असें होतें. 'ऊन' या प्रत्ययांत 'बाय' लपलेला आहे, हें सांगितल्यावांचून कळत नाहीं.

तिसरें ठिकाण खुद्द 'साठीं' हेंच आहे, आणि तें सर्वांत फसवें. 'तो शिकण्यासाठीं सांगलीस आला' या वाक्यांत शब्दयोगी अव्यय आहे, धातुसाधित नामहि आहे. मग नियमाप्रमाणें 'ही केम टु सांगली फॉर स्टडिइंग' असें कां न लिहावें? रूपाच्या दृष्टीनें त्यांत दोष नाहीं. पण इंग्रजी माणूस येण्याजाण्याचा हेतु सांगतांना 'टु स्टडी' असें म्हणतो. 'फॉर टु स्टडी' असें म्हणण्याची रीत जुन्या इंग्रजींत होती. आज ती ग्रामीण बोलींपुरती उरली आहे, म्हणून लिहिण्यांत ती चालत नाहीं. 'फॉर' आणि 'इंग' यांची जोडी शोभते ती वस्तूचा उपयोग सांगतांना. ऊस तोडण्याचा कोयता हा 'अ नाइफ फॉर कटिंग शुगरकेन' होय. पण ऊस तोडण्यासाठीं फडांत गेलेला माणूस 'टु कट शुगरकेन' गेलेला असतो.

याशिवाय दोनचार अपवाद आहेत. 'रडण्यावांचून त्यानें कांहीं केलें नाहीं' याचें इंग्रजी 'ही डिड नथिंग बट क्राय' असें होतें. तेथें 'बट' शब्दापुढें नुसता धातु येतो. अशा अपवादांची धास्ती घेण्याचें कारण नाहीं. ते मोजके आहेत.

खरी धास्ती आहे ती 'टु' या दोन अक्षरांची. नोकरीच्या अर्जांतील ती शेवटची ओळ याच शब्दानें बिघडविली. इंग्रजींत 'टु' नांवाचे दोन शब्द एकाच वेषांत फिरतात. एक 'टु' हा केवळ क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण आहे : 'आय वॉन्ट टु मीट यू'. दुसरा 'टु' हा खरोखरीचा शब्दयोगी अव्यय आहे : 'लुक फॉरवर्ड टु', 'ऑब्जेक्ट टु', 'विथ अ व्ह्यू टु', 'डिव्होटेड टु'. पहिल्याच्या पुढें नुसता धातु येतो. दुसऱ्याच्या पुढें 'इंग' लागलेंच पाहिजे. विद्यार्थ्यानें लहानपणीं 'टु गो', 'टु ईट', 'टु मीट' असे पाढे म्हटलेले असतात. त्यामुळें 'टु' दिसला, कीं पुढें मूळ धातु ठेवावयाचा असें त्याच्या हाताला वळण पडलेलें असतें.

दोघांना ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे. 'टु'च्या पुढचें क्रियापद काढून त्या जागीं एखादें साधें नाम ठेवून पाहावें. 'आय लुक फॉरवर्ड टु दिवाळी' हें वाक्य उभें राहतें. दिवाळीची वाट पाहतां येते. अर्थात् येथील 'टु' नामाची अपेक्षा करणारा आहे, आणि म्हणून पुढें 'मीटिंग' असेंच लिहिलें पाहिजे. 'आय वॉन्ट टु दिवाळी' हें वाक्य उभें राहत नाहीं. म्हणून तेथें 'मीट'. याच कसोटीनें एक जुनें कोडें सुटतें. 'ही यूज्ड टु वॉक' याचा अर्थ 'तो पूर्वीं पायीं जात असे'. 'ही इज यूज्ड टु वॉकिंग' याचा अर्थ 'त्यास पायीं चालण्याची संवय आहे'. दुसऱ्या वाक्यांत 'वॉकिंग'च्या जागीं 'ऊन' किंवा 'पाऊस' यांचें इंग्रजी नाम ठेवतां येतें. पहिल्यांत ठेवतां येत नाहीं. केवळ मराठी भाषांतरावर येथें विसंबूं नये. 'भेटण्याची इच्छा' या शब्दांत 'ण्या' असला, तरी इंग्रजींत 'अ विश टु मीट' असेंच म्हणतात. मराठी येथें दारापर्यंत आणून सोडते. कडी मात्र नामाच्या कसोटीनेंच निघते.

एकाच शब्दाचीं हीं दोन रूपें कोठून आलीं, याचा इतिहास मनोरंजक आहे. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत 'टु' हा सर्वत्र शब्दयोगी अव्ययच होता. त्याच्या पुढें येणाऱ्या धातुसाधित नामास चतुर्थीसारखा एक प्रत्यय लागत असे, आणि त्या जोडीचा अर्थ 'करण्याकडे', 'करण्याकरितां' असा होई. पुढें विभक्तीचे प्रत्यय झिजून गेले, नाम उघडें पडलें, आणि 'टु' ही क्रियापदाची नुसती खूण होऊन बसली. मराठींतहि असेंच घडलेलें आहे. 'करायला' हा आजचा शब्द 'करावयास' या रूपाच्या पंक्तींतला, आणि 'करावयास' म्हणजे 'करावें' या धातुसाधिताचें सामान्यरूप व त्यास लागलेली चतुर्थी. संस्कृतांतील 'गंतुम्' हें रूपहि मुळांत एका धातुसाधित नामाची द्वितीयाच होती. क्रियेला दुसऱ्या शब्दाशीं बांधावयाचें, तर प्रथम तिचें नाम करावें, ही युक्ति या तिन्ही भाषांनीं वापरली. पुढें काळाच्या ओघांत प्रत्येकीनें आपापले प्रत्यय झिजविले.

'इंग' या प्रत्ययाची कथाहि अशीच. साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम होतो. संगमाच्या खालीं पाणी एक आणि नांवहि एकच. जुन्या इंग्रजींत धातूचें नाम करणारा प्रत्यय निराळा होता आणि 'करणारा', 'करीत असलेला' असें विशेषण करणारा प्रत्यय निराळा होता. उच्चार झिजतां झिजतां दोघेहि 'इंग' या एकाच पात्रांत येऊन मिळाले. त्यामुळें 'रनिंग हॉर्स' म्हणजे धांवणारा घोडा, पण 'रनिंग शूज' म्हणजे धांवण्याचे जोडे. 'वॉकिंग स्टिक' ही चालणारी काठी नव्हे. ती चालतांना हातीं धरण्याची काठी. इंग्रजीनें जें एकत्र केलें, तें मराठीनें 'णारा' आणि 'ण्याचा' असें अजूनहि वेगळें ठेवलें आहे. म्हणून इंग्रजी शब्दाचें हें अंतरंग मराठी मुलास इंग्रज मुलापेक्षां अधिक लवकर कळूं शकेल. शब्दयोगी अव्ययाच्या पुढें येणारा 'इंग' हा नेहमीं 'ण्या'च्या घरचा, 'णारा'च्या घरचा नव्हे, एवढें त्यास सांगितलें, म्हणजे पुरे.

या भूमीला अशा तुलनेची परंपरा आहे. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म 1856 सालीं कऱ्हाडजवळील टेंभू या गांवीं झाला. इंग्रजी शिक्षणाचा ओनामा कऱ्हाडास झाला, तो पैशांअभावीं मध्येंच तुटला, आणि अपार कष्टांनीं पुढें जोडला गेला. याच आगरकरांनीं 1883 सालीं शेक्सपियरचें 'हॅम्लेट' 'विकारविलसित' या नांवानें मराठींत आणलें, आणि 1888 सालीं 'वाक्यमीमांसा' हा ग्रंथ लिहून इंग्रजी पद्धतीच्या वाक्यपृथक्करणानें मराठी वाक्याची फोड करून दाखविली. इंग्रजीच्या दिव्यानें त्यांनीं मराठी घर पाहिलें. आतां त्याच दिव्यानें उलट वाट चालावयाची आहे : मराठीच्या उजेडांत इंग्रजी वाक्य पाहावयाचें आहे.

ही वाट कोणासाठीं महत्त्वाची, हें याच प्रदेशाचा इतिहास सांगतो. 1900 सालच्या नोव्हेंबरच्या 7 तारखेस साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत भीमराव रामजी आंबेडकर या बालकाचें नांव इंग्रजी पहिलींत दाखल झालें. पुढें तें हायस्कूल प्रतापसिंह महाराजांच्या नांवानें प्रसिद्ध झालें. ज्या मुलास वर्गांत वेगळें बसविलें जाई, त्यानें पुढें जगापुढें आपल्या समाजाची कैफियत मांडली ती बव्हंशीं इंग्रजींत. 1919 हें साल तर या भागाच्या शिक्षणांत दुहेरी महत्त्वाचें आहे. त्या सालीं सांगलीस डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें विलिंग्डन कॉलेज निघालें, आणि त्याच सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 सालीं ती संस्था साताऱ्यास आली. ज्यांच्या घरीं पिढ्यान्पिढ्या पाटी नव्हती, अशीं मुलें तेथें स्वतःच्या हातांनीं काम करून शिकूं लागलीं. सांगली त्या वेळीं पटवर्धनांचें संस्थान होतें; 1949 सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. सरहद्दी बदलल्या, पण खेड्यांतून इंग्रजीच्या वर्गांत येणाऱ्या मुलाची अडचण बदलली नाहीं.

ती अडचण अशी. ज्या घरांत आईबापांस इंग्रजी येतें, त्या घरचें मूल 'बिफोर गोइंग' हें कानानें शिकतें. त्यास नियमाची गरज नसते. ज्या घरांत इंग्रजीचा शब्द नाहीं, त्या घरच्या मुलास नियम हीच एक शिडी असते. त्या शिडीच्या पायऱ्या जर 'अमुक शब्दापुढें अमुक, तमुक शब्दापुढें तमुक' अशा शेंकडों ओळींच्या याद्या असतील, तर तें मूल दमतें. आणि दमल्यावर दोष यादीला न देतां स्वतःला देतें. आपली बोली गांवढळ आणि आपली बुद्धि उणी, असा समज करून घेऊन तें मागच्या बांकावर जाऊन बसतें. वास्तविक ज्या बोलीची त्यास लाज वाटते, तिच्यांतच या नियमाची किल्ली असते. महाराष्ट्रांत 2000 सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविलें जाऊं लागलें. वर्षें वाढलीं; पण तीं पाठांतरांत गेलीं, तर शिडी लांब झाली एवढेंच म्हणावें लागेल.

इंग्रजी ही इंग्रजींतूनच शिकवावी, मराठी मध्यें आणल्यास मुलें शब्दास शब्द ठेवून भाषांतर करूं लागतात, असा एक आक्षेप जाणते शिक्षक घेतात. त्यांत तथ्य आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, हें जितकें खरें, तितकेंच शब्दशः भाषांतराची खोड अनेकांस जन्मभर सुटली नाहीं, हेंहि खरें. भरपूर ऐकणें, भरपूर वाचणें आणि भीड सोडून बोलणें यांस पर्याय नाहीं. परंतु मराठीचा आधार प्रत्येक वाक्यास घ्यावा, असें कोणाचेंच म्हणणें नाहीं. जेथें मुलाचा पाय नेमका घसरतो, तेवढ्या ठिकाणीं हात द्यावा. आणि हात द्यावयाचा तो मुलाच्या ओळखीचा असावा. शिक्षकानें मराठी वर्गाबाहेर ठेवलें, तरी तें मुलाच्या डोक्याबाहेर राहत नाहीं. 'आफ्टर एट' ही चूक मराठीनेंच घडविलेली असते. मग ती दुरुस्त करतांना मराठीस साक्षीला बोलावणें हेंच शहाणपणाचें.

प्रत्यक्ष शिकवितांना फार साहित्य लागत नाहीं. 'जेवण्यापूर्वीं', 'जेवल्यानंतर', 'न जेवतां', 'जेवण्याऐवजीं' हे चार शब्द फळ्यावर एकाखालीं एक लिहावे. मराठींत 'जेव' या धातूचीं चार ठिकाणीं तीन रूपें झालीं, हें मुलांनाच शोधूं द्यावें. मग समोर 'बिफोर ईटिंग', 'आफ्टर ईटिंग', 'विदाउट ईटिंग', 'इन्स्टेड ऑफ ईटिंग' असे चार इंग्रजी जोड लिहावे. मराठीला तीन रूपें लागलीं तेथें इंग्रजीचें एकांतच भागलें, हें दिसतांच वर्गांतला निम्मा धाक ओसरतो. कारण येथें तरी आपलीच भाषा अधिक अवघड होती आणि ती आपल्याला आधींच येत होती, असें मुलांच्या ध्यानांत येतें.

इंग्रजीचें ज्ञान म्हणजे विद्वत्ता नव्हे, आणि अर्जांतल्या एका 'इंग'वरून माणसाची पारख करणेंहि योग्य नव्हे. परंतु जोंवर जगाच्या दारावर ही भाषा लिहिलेली आहे, तोंवर तीं अक्षरें वाचण्याचा अधिकार माण आणि जत तालुक्यांतल्या मुलासहि तितकाच आहे, जितका तो शहरांतल्या मुलास आहे. तो अधिकार मिळविण्यासाठीं त्यास मराठी टाकावी लागत नाहीं. ती नीट पाहावी मात्र लागते.